करिंथमधले दीड वर्ष: सुवार्ता सांगणाऱ्याच्या नम्रतेचा एक प्रकरण अभ्यास

ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात आला तो इ. स. ५० च्या सुमारास. ही तारीख अंदाजपंचे नाही. देल्फी येथे सापडलेल्या रोमी सम्राट क्लौद्य कैसराच्या शिलालेखात अखया (दक्षिण ग्रीस) प्रांताचा अधिकारी म्हणून गल्लियोचे नाव आहे. त्यावरून गल्लियोची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या आसपास बसते, आणि बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पौलाला त्याच गल्लियोच्या न्यायासनासमोर उभे केल्याची नोंद आहे. पौलाच्या आयुष्यातली इतकी नेमकी तारीख दुसरी क्वचितच हाती लागते.

हे प्रकरण अभ्यासाला घेण्याचे कारण वेगळे आहे. करिंथात पौल कसा वागला याचा तपशील दोन बाजूंनी मिळतो: लूकने प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेली हकीकत, आणि पुढे तिथल्या मंडळीला (विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला) पौलाने स्वतः पाठवलेली पत्रे. ती पत्रे भांडणाच्या काळात लिहिलेली असल्यामुळे एरवी कोणी बोलून दाखवणार नाही अशा गोष्टी त्यांत आहेत. पैसे कोणाकडून घेतले, कोणाकडून घेतले नाहीत, बाप्तिस्मा किती जणांना दिला, लोक त्याच्या बोलण्याला काय नावे ठेवत होते, हे सगळे तिथे सापडते. साक्ष देणाऱ्याची नम्रता आपल्याकडे बहुधा त्याच्या बोलण्याच्या सुरावरून जोखली जाते. करिंथचा पुरावा नीट वाचला की ती त्याच्या व्यवहारात शोधावी लागते.

शहर कसे होते

मुम्मियस या रोमी सेनापतीने इ. स. पू. १४६ मध्ये जुने करिंथ उद्ध्वस्त केले. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवले आणि तिथे जे लोक आणून वसवले त्यांत मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. शहर दोन समुद्रांच्या मध्ये. पश्चिमेला लेखायन बंदर, पूर्वेला किंख्रिया. मधली जमिनीची पट्टी सुमारे सहा किलोमीटरची, आणि तिच्यावरून जहाजे व माल ओढून नेण्यासाठी दगडी फरसबंदीची वाट केलेली. जकात, गोदामे, दलाली, प्रवासी, खलाशी. शिवाय जवळच दर दोन वर्षांनी भरणारे इस्थमियाचे खेळ. पैसा होता आणि तो नवा होता. पिढीजात घराण्यांची पकड नव्हती, त्यामुळे वर चढायला वाव होता आणि वर चढल्याचे चारचौघांत दाखवण्याची हौसही होती. नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीवर एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने कोरून ठेवले आहे की पद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी त्याने स्वखर्चाने केली. (रोमकरांस पत्रात नगराचा खजिनदार एरास्त येतो. तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात, पण नक्की म्हणता येत नाही.)

अशा शहरात व्याख्यात्याला मोठा मान असे. नवा वक्ता गावात आला की आधी भाषण करून आपली हुशारी दाखवी, मग धनिकांची मुले त्याच्याकडे शिकायला येत, कोणी श्रीमंत त्याला आश्रय देई. आश्रय घेतला की आश्रयदात्याचे नाव गाजवणे ओघाने आलेच. पौलाला हीच जागा आयती मिळत होती. ती घेतली असती तर त्याची राहण्या-खाण्याची सोय झाली असती आणि ऐकणारेही वरच्या थरातले मिळाले असते.

राहुट्यांचे दुकान

पौलाने ती जागा घेतली नाही. रोममधून यहूद्यांना बाहेर पडण्याचा हुकूम झाल्यामुळे इटलीहून नुकतेच आलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्याला भेटले. त्यांचा आणि त्याचा धंदा एकच, राहुट्या करण्याचा. तो त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला. हाताने काम करणाऱ्याला त्या काळची प्रतिष्ठित मंडळी हलके मानत. कातडे किंवा जाड कापड कापायचे, आरीने भोके पाडायची, शिवायचे. कामाला बसणारा दिवसभर वाकून, दोऱ्याने बोटे चिरलेली. करिंथात असतानाच त्याने थेस्सलनीकाकरांना पहिले पत्र लिहिले, आणि तुमच्यातल्या कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा केला, याची आठवण त्यात करून दिली.

इथला तपशील बारकाईने पाहायला हवा, कारण इथेच गल्लत होते. पौल पैसे घेण्याच्या विरुद्ध नव्हता. सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, हा हक्क तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पुराव्यानिशी मांडतो, आणि लगेच सांगतो की हा हक्क मी तुमच्याबाबतीत बजावला नाही, ख्रिस्ताच्या सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून. त्याच वेळी उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या बांधवांनी पाठवलेली मदत त्याने घेतली. सीला आणि तीमथ्य हे त्याचे सोबती तिकडून आल्यावर तो वचनाच्या कामात पूर्ण वेळ गुंतला. म्हणजे नियम असा निघतो: जिथे आत्ता सांगणे चालू आहे तिथून घ्यायचे नाही, आधी उभ्या राहिलेल्या आणि या कामात भागीदार झालेल्या मंडळीकडून घ्यायला हरकत नाही. ज्याला कृपा फुकट मिळते असे सांगायचे, त्याच्याच समोर हात पसरला तर सांगितलेले खोटे पडते.

करिंथातल्या काही जणांना याचाच राग आला, हे आजच्या वाचकाला चटकन समजत नाही. त्यांच्या डोळ्यांनी पाहा. श्रीमंत माणसाने आश्रय देऊ केला आणि तो नाकारला, म्हणजे त्याचा मान गेला. शिवाय फुकट शिकवणारा तो कमी दर्जाचा, असाही हिशेब होता. तुमच्यावर भार न टाकण्याचा हा माझा अन्याय मला क्षमा करा, असे पौल दुसऱ्या पत्रात लिहितो. त्या वाक्यातली वेदना खरी आहे. नम्रपणे वागले की लोक खूश होतात हा समज इथे टिकत नाही.

आपल्याकडे कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि पगाराविना, ख्रिस्ती संन्यासी म्हणून काम धरले. पगारी कामाला त्यांनी कमी लेखले असे नव्हे. आपल्याच लोकांसमोर उभे राहताना आपण कोणाचे पगारी आहोत हा प्रश्न मध्ये येऊ नये, ही त्यांची तळमळ पौलाच्या या निर्णयाच्या अगदी जवळची आहे.

भीती, आणि एक चुकीचा निष्कर्ष

मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, फार थरथरत होतो, असे पौल नंतर लिहितो. यावर अनेक उपदेशांत एक ठरावीक मांडणी ऐकू येते: अथेन्सला अरीयपग या सभेच्या ठिकाणी त्याने कवींची वचने देऊन तत्त्वज्ञान सांगितले, ते फसले, म्हणून करिंथात त्याने विद्वत्ता टाकून फक्त वधस्तंभ सांगायचे ठरवले. ही मांडणी आकर्षक असली तरी पुरावा तिच्या बाजूने नाही. अथेन्सला दियोनुस्य, दामारी आणि त्यांच्याबरोबर इतर काही जणांनी विश्वास ठेवला. लूकने कुठेही त्या भाषणाला चूक म्हटलेले नाही. भीतीची कारणे वेगळी होती. फिलिप्पैत छड्या आणि तुरुंग, थेस्सलनीकेतून रातोरात निघणे, बिरुयापर्यंत झालेला पाठलाग, मग एकट्याने अखयात उतरणे. मार खाल्लेल्या माणसाची ती भीती होती.

त्या मांडणीने नुकसान होते ते असे, की तयारी न करणे म्हणजेच कृपेवर भिस्त, असा अर्थ लोक घेतात. व्यासपीठावर जाऊन तोंड उघडायचे, आत्मा बोलेल. पौलाने असे काहीही केले नाही. दर शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तो त्यांच्या सभास्थानात वादविवाद करून यहूदी व ग्रीक यांची खातरी करत असे. त्यासाठी शास्त्र तोंडपाठ लागते. त्याने टाकले ते प्रदर्शन. ऐकणाऱ्याचा विश्वास माणसाच्या हुशारीवर टेकू नये, देवाच्या सामर्थ्यावर टेकावा, हे त्याने स्वतः दिलेले कारण. वक्त्यामुळे विश्वास धरलेला माणूस त्याहून चांगला वक्ता भेटला की तिकडे जातो. करिंथात पुढे नेमके हेच झाले.

रात्रीचे वचन कधी आले

क्रम लक्ष देऊन वाचा. सभास्थानात विरोध होऊन निंदा सुरू झाल्यावर पौल वस्त्रे झटकून बाहेर पडला आणि शेजारीच, तीत युस्ताच्या घरी बोलू लागला. (झटकण्याचा तो प्रसंग तिखट आहे. नम्र माणूस ठाम बोलतच नाही असे मानणाऱ्यांनी तो वगळून पुढे जाऊ नये.) त्यानंतर सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प याने घराण्यासह विश्वास ठेवला, अनेक करिंथकरांनी विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला. आणि मग, यश दिसू लागल्यावर, रात्री दृष्टान्तात प्रभूने त्याला सांगितले की भिऊ नको, बोलत राहा, मी तुझ्याबरोबर आहे, आणि या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.

आकडा वाढत असताना तो घाबरलेला होता. मागच्या गावांचा अनुभवच तसा होता: लोक ऐकू लागले की पाठोपाठ दंगा. त्याला दिलेल्या आधारात त्याच्या कौशल्याचा उल्लेख नाही. ज्यांनी अजून ऐकलेही नाही त्यांना प्रभू आधीच माझे लोक म्हणतो. गोदामात, बंदरावर, कोणाच्या तरी घरात राबणारी ती माणसे पौलाला ठाऊकही नव्हती. आपण पोचण्याआधी देव तिथे आहे हे मानणारा माणूस दडपण न आणता बोलू शकतो, नकार ऐकून घेऊ शकतो आणि एका जागी दीड वर्ष थांबू शकतो. ज्याला सगळे आपल्या शब्दांवर अवलंबून आहे असे वाटते तो घाई करतो, समोरच्याला कोंडीत पकडतो, आणि नकार आला की दुखावतो.

गल्लियोसमोर खटला उभा राहिला तेव्हा पौल तोंड उघडणार इतक्यात अधिकाऱ्याने खटलाच फेटाळला. त्याचे भाषण झालेच नाही. संरक्षण मिळाले ते सुवार्तेशी काही देणेघेणे नसलेल्या एका रोमी अधिकाऱ्याच्या कंटाळ्यातून.

बाप्तिस्म्याचा आकडा

पहिल्या पत्रात पौल देवाचे आभार मानतो की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज त्याने कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग आठवते, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणखी कोणाचा केला असेल तर लक्षात नाही. दीड वर्ष एका शहरात काम करणाऱ्या संस्थापकाची ही नोंद आहे. यादी त्याच्याजवळ नाही. बाकीचे बाप्तिस्मे इतरांनी दिले, आणि त्याला त्याचे समाधान आहे, कारण माझ्या नावाने बाप्तिस्मा झाला असे कोणाला म्हणता येणार नाही.

बिघाड

हे सगळे नीट करूनही करिंथात बिघडले. पौल निघून गेल्यावर अलेक्सांद्रियाचा अपुल्लोस अखयात आला. तो वक्ता होता, शास्त्रात निपुण होता आणि त्याने तिथल्या विश्वासणाऱ्यांना फार मदत केली. थोड्याच काळात ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून पौलाला इफिसात बातमी कळली: कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा (म्हणजे पेत्राचा), कोणी ख्रिस्ताचा. शहराची जुनी सवय मंडळीत शिरली होती. वक्त्याच्या नावाने गट, गटाच्या नावाने मान. प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या भोजनाच्या) वेळीसुद्धा कोणी उपाशी, कोणी पिऊन तर्र, अशी अवस्था होती.

पौलाचा उपाय कसा होता ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, पत्राच्या सुरुवातीलाच तो या बिघडलेल्या मंडळीवर झालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार मानतो. दुसरी, स्वतःच्या गटाची बाजू घेत नाही. उलट पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला होता काय, असा सवाल आधी आपल्याच चाहत्यांना करतो. तिसरी, मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवत गेला तो देव. म्हणून लावणारा काही नाही आणि पाणी घालणाराही काही नाही. आणि चौथी, जी बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते, पत्राच्या अगदी शेवटी आहे: अपुल्लोसाने करिंथला यावे म्हणून मी त्याला फार विनंती केली. ज्याच्या नावाने आपल्याविरुद्ध गट पडला आहे त्यालाच पुन्हा तिथे पाठवायला पौल तयार होता. आणि अपुल्लोसाने त्या वेळी यायचे नाकारले. कारण दिलेले नाही. पण गटाने डोक्यावर घेतलेला माणूस त्या गटाकडे जायला उत्सुक नव्हता, एवढे दिसते. दोघांचीही नम्रता या एका वाक्यात कृतीने दिसते.

अपुल्लोसाची मागची गोष्टही ध्यानात ठेवावी. इफिसात त्याचे शिकवणे अपुरे होते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभेत खोडून न काढता आपल्याकडे नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. आणि त्या विद्वानाने राहुट्या शिवणाऱ्या जोडप्याकडून ते ऐकून घेतले.

याच पहिल्या पत्रात पौल लिहितो की जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे. इतरांपेक्षा मी अधिक श्रम केले, पण मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. श्रम लपवलेले नाहीत आणि श्रेय घेतलेले नाही. मी काहीच केले नाही, सगळे प्रभूनेच केले, असे घोकणारी नम्रता बरेचदा कौतुक मागत असते. पौलाचे वाक्य त्यापेक्षा सरळ आहे.

हे आपल्या मंडळ्यांत कसे उतरते

साक्ष हा आपल्या उपासनेचा नेहमीचा भाग, म्हणून तिथूनच धरू. साक्ष पाच ते सात मिनिटांची ठेवावी आणि आधी कागदावर लिहावी. लिहून झाली की ज्या वाक्यांचा कर्ता मी आहे ती अधोरेखित करावीत. बहुतेक साक्षींत पूर्वीचे पाप चार मिनिटे, आजची जीत दोन मिनिटे आणि ख्रिस्ताने काय केले ते एका वाक्यात असते. वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांना निदान दोन मिनिटे मिळतील असे कापावे. आजही चालू असलेला एखादा झगडा, ऐकणाऱ्याला ओझे होणार नाही इतपत, सांगावा. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल (सतत छळणाऱ्या एका त्रासाबद्दल) तीनदा प्रार्थना केली, तो निघाला नाही, आणि माझी कृपा तुला पुरे आहे हे उत्तर मिळाले. त्याने तेच लोकांना सांगितले. बरे झाल्याच्याच साक्षी व्यासपीठावर येत राहिल्या, तर जो बरा झाला नाही तो आपल्या विश्वासात खोट शोधत घरी जातो.

पैशाबाबत करिंथचा नियम जसाच्या तसा चालतो. जी सभा नव्या लोकांसाठी आहे तिथे अर्पणाची थैली फिरवू नये. खर्च मंडळीने आधी उचलावा, दोघांनी हिशेब लिहावा. आपल्याकडे याची दुसरी बाजूही आहे, जी पौलाला करिंथात आली नव्हती: धान्य, औषध, शाळेची फी अशी मदत. मदत करावीच. पण मदत देणारे हात आणि विश्वासाबद्दल विचारणारे तोंड एकाच भेटीत, एकाच माणसाचे नसावे. गरजू माणसाला नाही म्हणणे जड जाते, आणि दबलेल्या होकाराला विश्वास म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्याने ऐकून नकार दिला त्याची मदत त्या महिन्यात तशीच चालू राहिली, तर कृपेबद्दल आपण जे बोललो ते त्याला खरे वाटण्याची शक्यता उरते.

बोलताना आधी विचारावे आणि ऐकावे. शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करून सुरुवात करणारा स्वतःला कृपा कशी मिळाली हे विसरलेला असतो. तुझ्याजवळ असे काय आहे, जे तुला मिळालेले नाही, हा पौलाचा प्रश्न करिंथच्या विश्वासणाऱ्यांना होता.

फलकावर पाळकांचा मोठा फोटो आणि बिरुदे, बाप्तिस्म्याच्या दिवसाचे आकडे आणि चेहरे मोबाइलवर फिरवणे, नवीन माणसाने फक्त आपल्याच प्रार्थनेसाठी फोन करावा अशी सवय लावणे: करिंथचे गट ज्यातून निघाले ते हेच. नवीन व्यक्तीची पहिल्या महिन्याभरातच आणखी दोन विश्वासू माणसांशी ओळख करून द्यावी, बाप्तिस्मा शक्यतो स्थानिक पाळकांनी द्यावा, आणि शिकवणे तिसऱ्याच कोणाकडे असले तरी चालेल. सांगणाऱ्याला हे सोपे जात नाही. ज्याच्यासाठी महिनोन्‌महिने प्रार्थना केली तो दुसऱ्याचे नाव घेऊन साक्ष देतो तेव्हा मन दुखतेच. ते प्रार्थनेत बोलावे, त्या माणसाजवळ नाही.

पुढे काय झाले

पौलाचे पत्र मिळाल्यावर करिंथ कायमचे सुधारले नाही. इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीला तिथे पुन्हा एक लांब पत्र लिहावे लागले, कारण करिंथकरांनी आपल्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, पदावरून दूर केले होते. क्लेमेंताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पत्रात म्हटले आहे की पौलाचे पत्र हातात घ्या. त्याने तुम्हाला स्वतःविषयी, केफाविषयी आणि अपुल्लोसाविषयी काय लिहिले होते ते पाहा. कानउघाडणी करणारे हे रोमचे पत्रही करिंथने जपले. इ. स. १७० च्या सुमारास तिथला बिशप दियोनुस्य रोमला कळवतो की क्लेमेंताचे ते पत्र आमच्याकडे प्रभूच्या दिवशी अजून वाचले जाते.